मुळांच्या गांठींतील जंतूस ऊन कसें कळतें?

प्रतिवर्षीं पेरणी उरकून महिना-दीड महिना लोटला म्हणजे आमच्याकडे एका ठराविक तऱ्हेची तक्रार येऊं लागते. "सोयाबीनच्या बियांस जंतुसंवर्धन चोळलें, पाकिटांस पैसे मोजले, दोन माणसें त्या कामास गुंतविलीं, परंतु झाड उपटून पाहतां मुळांवर गांठी जेमतेम चार-दोन! त्या पाकिटांत खरोखर कांहीं असतें कीं नुसती काळी भुकटी?" अशा शेतकरीबंधूंस आम्ही उलट एकच प्रश्न विचारतों: "दुकानांतून आणल्यापासून बियांस चोळीपर्यंत तें पाकीट होतें कोठें?" उत्तर बहुधा असें येतें कीं, खताच्या पोत्यांबरोबर पत्र्याच्या छपरींत होतें, किंवा बाजारच्या दिवशीं दुपारभर गाडींत उन्हांत होतें.

या एका प्रश्नावर आमचा एवढा भर कां, हें नीट समजण्यासाठीं त्या जंतूस ऊन कसें बाधतें, तें त्यास कळतें कसें, आणि कळल्यावर तो काय करितो, हें पाहिलें पाहिजे. या विषयांत गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जें ज्ञान झालें आहे तें मोठें नवलाचें आहे. आणि त्यांतील एक महत्त्वाचा धडा सोयाबीनच्या गांठींतील जंतूनेंच विद्वानांस शिकविलेला आहे. सबब या अंकीं तो विषय वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे. लेखांतील उष्णतेचे सर्व अंश सेल्सिअसचे समजावे.

गांठींतील पाहुणा

द्विदल पिकांच्या मुळांवरील गांठी हा रोग नसून ती हवेंतील नत्र पिकास मिळवून देणारी व्यवस्था आहे, हें जर्मनींतील हेलरीगेल व विल्फार्ट यांनीं १८८६ ते १८८८ या काळांत सिद्ध केलें. १८८८ मध्येंच हॉलंडांतील बायरिंक यांनीं गांठींतील जंतु वेगळा काढून वाढवून दाखविला. सोयाबीनच्या मुळांत राहणाऱ्या जंतूस ब्रॅडिरायझोबियम जापोनिकम असें नांव आहे. प्रयोगशाळांतून ज्या वाणाचा सर्वांत अधिक अभ्यास झाला, त्या ११० क्रमांकाच्या वाणास २०१३ पासून ब्रॅडिरायझोबियम डायझोएफिशिएन्स असें निराळें नांव मिळालें आहे. आपण त्यास नुसतें गांठींतील जंतु म्हणूं.

हा जंतु इतका लहान आहे कीं, एका मिलिमीटरच्या लांबींत असे सुमारें पांचशें एकापुढें एक बसतील. झाड त्यास साखर पुरवितें आणि तो झाडास नत्र पुरवितो. गाईम्हशींस व माणसांस स्वतःची ऊब असते. बाहेर थंडी असो कीं ऊन, आंतील उष्णता बहुतांशीं एकसारखी राहते. जंतूचें तसें नाहीं. भोवतालची माती जितकी तापेल तितकाच तोही तापतो. त्यास सांवलींत पळून जातां येत नाहीं कीं घाम गाळून गार होतां येत नाहीं. २८ ते ३० अंश ही त्याच्या सुखाची उष्णता. गांठी करणाऱ्या जंतूंच्या पुष्कळ जातींची वाढ ३७ अंशांस थांबते. उलटपक्षीं मृगाच्या आधीं उघड्या पडलेल्या काळ्या रानाचा वरचा थर भर दुपारीं ४० अंशांच्या पुढें सहज जातो, आणि उन्हांतील पत्र्याखालच्या हवेची गोष्ट तर बोलावयासच नको.

उष्णतेनें जंतूचें नेमकें काय बिघडतें? जंतूच्या पोटांतील सर्व कामें प्रथिनें करितात. प्रत्येक प्रथिन हा एक लांब धागा असून तो विशिष्ट रीतीनें गुंडाळला गेला तरच आपलें काम करूं शकतो. ताप वाढला म्हणजे ही गुंडाळी सैल पडते, आणि सुटलेले धागे एकमेकांत अडकून त्यांचा गोळा होतो. अंडें तव्यावर फोडलें असतां त्यांतील पाण्यासारखा भाग पांढरा व घट्ट होतो, तो याच कारणानें. आणि एकदां घट्ट झालेलें अंडें पुन्हां पातळ होत नाहीं, हें सर्वांस ठाऊक आहे.

या संकटावर जंतूजवळ एक तोडगा आहे. तो कांहीं लहान लहान रक्षक प्रथिनें तयार करितो. हीं सैल पडूं लागलेल्या प्रथिनांस बिलगून बसतात व त्यांचा गोळा होऊं देत नाहींत. पुढें ताप उतरला म्हणजे दुसरीं मदतनीस प्रथिनें त्या धाग्यांस पूर्ववत् गुंडाळतात. आपल्या डोळ्यांतील भिंग जन्मभर स्वच्छ ठेवण्याच्या कामीं जें एक प्रथिन उपयोगी पडतें, तें याच कुळांतील आहे. परंतु हीं रक्षक प्रथिनें बाराही महिने करीत बसणें जंतूस परवडणारें नाहीं. त्यांत अन्न खर्ची पडतें, शक्ति खर्ची पडते. इरलें कितीही उपयोगी असलें तरी तें पांघरून कोणी उन्हाळी नांगरट करीत नाहीं. म्हणून गारव्यांत हें काम बंद ठेवावें व ताप येतांच विनाविलंब सुरू करावें, हा बंदोबस्त आवश्यक ठरतो. तो कसा होतो, हाच या लेखाचा मुख्य विषय होय.

दप्तर, उतारा आणि कारागीर

प्रत्येक जंतूच्या पोटांत त्याचें मूळ दप्तर असतें, त्यास डीएनए म्हणतात. कोणतें प्रथिन कसें करावें याचा एकेक लेख त्यांत आहे. त्या लेखास जनुक ही संज्ञा आहे. मूळ दप्तर कोणी शेतावर घेऊन जात नाहीं. कामापुरता उतारा काढून नेतात. तीच रीत येथें आहे. हव्या त्या जनुकाचा उतारा निघतो, आणि हा उतारा ज्या पदार्थाचा असतो त्यास आरएनए म्हणतात. उतारा वाचून त्याबरहुकूम प्रथिन विणणारा जो कारागीर, त्याचें नांव रायबोसोम.

उताऱ्याची लिपि अवघ्या चार अक्षरांची आहे: ए, यू, जी आणि सी. कारागिरानें वाचन कोठून सुरू करावें हें कळण्यासाठीं आरंभाच्या किंचित् आधीं एक खूण असते. तींत बहुधा जी हें अक्षर वरचेवर येतें. ही खूण ऑस्ट्रेलियांतील शाइन व डाल्गार्नो या दोघांनीं १९७४ मध्यें ओळखली, म्हणून ती त्यांच्याच नांवानें प्रसिद्ध आहे. कारागीर प्रथम या खुणेवर येऊन टेकतो व मग वाचूं लागतो. खूण झांकली गेली तर सर्व मजकूर शाबूत असूनही त्यास आरंभच सांपडत नाहीं. वाचकांनीं ही गोष्ट पक्की ध्यानांत ठेवावी. पुढील सर्व विवेचन तिच्यावर उभें आहे.

दुसरी ध्यानांत ठेवण्याची गोष्ट अशी कीं, या चार अक्षरांत आपसांत ओढ आहे. जी आणि सी यांची जोडी घट्ट जमते. ए आणि यू यांची जोडी जमते पण ती तितकी घट्ट नव्हे. जी आणि यू यांचीही जमते, परंतु ती त्याहून कच्ची. उतारा हा एकेरी धागा असल्यानें त्याचा एक भाग उलट वळून दुसऱ्या भागाशीं अशा जोड्या जमवूं शकतो, आणि मग तेथें घडी पडते. गोधडीचे दोन पदर टांक्यांनीं शिवावे तशी ही घडी अक्षरांच्या जोड्यांनीं शिवलेली असते. कोठें टांके दाट व घट्ट, कोठें नुसता धांवदोरा.

झुरिक येथील शोध

स्वित्झर्लंडांत झुरिक येथें हौके हेनेके व फ्रान्झ नार्बरहाउस आणि त्यांचे सहकारी सोयाबीनच्या या जंतूचा अभ्यास करीत होते. ३० अंशांत वाढत असलेला जंतु ४३ अंशांच्या तापांत नेला कीं थोड्याच वेळांत त्याच्या पोटांत रक्षक प्रथिनें दिसूं लागत. या प्रथिनांच्या जनुकांपुढें सुमारें शंभर अक्षरांचा एक तुकडा त्यांस वारंवार आढळला. हा तुकडा काढून टाकला तर प्रथिन गारव्यांतही तयार होई. म्हणजे तुकड्याचें काम चालना देण्याचें नसून अडविण्याचें होतें, हें उघड झालें. १९९८ मध्यें हा शोध प्रसिद्ध झाला व त्या तुकड्यास 'रोझ' असें नांव मिळालें. त्याचा गुलाबाशीं संबंध नाहीं. उष्णताघाताच्या जनुकांस दाबून ठेवणें, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचीं तीं आद्याक्षरें आहेत.

आतां हा तुकडा अडवितो तो कसा? आरंभींचा साहजिक तर्क असा कीं, एखादें पहारेकरी प्रथिन दप्तरावरील या जागीं बसून राहत असावें व ताप आला म्हणजे जागा सोडीत असावें. असे पहारेकरी जंतूंत ठिकठिकाणीं असतात, त्यामुळें तर्कांत वावगें कांहीं नव्हतें. परंतु पुढील प्रयोगांनीं निराळेंच दाखविलें. उतारा गारव्यांतही निघत होता; अडत होतें तें त्याचें वाचन. पहारा दप्तरावर नसून उताऱ्यावर होता, आणि पहारेकरीही निराळा कोणी नव्हता. उताऱ्याची स्वतःची घडी हाच पहारेकरी!

हें २००१ मध्यें कसें ठरविण्यांत आलें, तें ऐकण्यासारखें आहे. मोजतां येण्याजोगें एक प्रथिन ज्या जनुकापासून होतें, त्या जनुकास 'रोझ' तुकडा जोडण्यांत आला. म्हणजे घडी उघडली किती व मिटली किती याचा हिशेब त्या प्रथिनाच्या मापावरून लागे. नंतर तुकड्यांतील अक्षरें एकेक करून बदलून पाहिलीं. जेथें जोड्या शिवलेल्या होत्या तेथील अक्षर बदललें कीं शिवण उसवे, व ३० अंशांतही वाचन सुरू होई. घडीच्या टोंकाशीं मोकळ्या राहिलेल्या अक्षरांत बदल केल्यानें मात्र तसें होत नसे. मग त्यांनीं उलट प्रयोग केला. घडींत जीं अक्षरें जोडीदाराविना किंवा विजोड होतीं, तीं काढून अगर बदलून शिवण सर्वत्र पक्की केली. तेव्हां घडी इतकी घट्ट बसली कीं, ताप देऊनही ती उघडेना, आणि वाचन कायमचें बंद पडलें!

या दोन प्रयोगांवरून शंकेस जागा राहिली नाहीं. शिवण अगदींच कच्ची तर गारव्यांतही दार उघडें. शिवण अगदींच पक्की तर उन्हांतही दार बंद. जंतूस हवी ती मधली स्थिति, आणि ती त्यानें मुद्दाम ठेवलेल्या कच्च्या टांक्यांनीं साधली आहे. आपण ज्यास दोष म्हटलें असतें तोच येथें गुण ठरला. त्या वेळेपर्यंत गांठींच्या निरनिराळ्या जंतूंत असे पंधरा तुकडे ठाऊक झाले होते. त्यांत जोड्यांचीं अक्षरें जवळजवळ सर्वत्र तींच, व मोकळीं अक्षरें मात्र निरनिराळीं. जेथें काम होतें तेथें निसर्गानें फारसा बदल होऊं दिला नाहीं, असाच याचा अर्थ.

२००६ मध्यें या मंडळींनीं घडीची अणुरचनाही तपासून प्रसिद्ध केली. आरंभाच्या खुणेसमोरच कांहीं विजोड जोड्या आढळल्या: एके ठिकाणीं जी समोर जी, दुसऱ्या ठिकाणीं यू समोर यू. अशा जोड्या जमतात खऱ्या, पण लेच्यापेच्या. ताप चढूं लागला कीं पहिल्यानें त्या सुटतात, आणि तेथून शिवण उसवत जाते. सर्व घडी फटकन् उघडते असें नाहीं. ती उष्णतेच्या मानानें हळूहळू सैल होते, खूण उघडी पडते, कारागीर येऊन टेकतो आणि रक्षक प्रथिन विणावयास लागतो. गारवा आला कीं जोड्या पुन्हां जमतात व दार मिटतें.

खोबरेल तेलाची बाटली ज्यांच्या घरीं आहे त्यांस हें समजणें अवघड जाऊं नये. तेल थिजलेलें दिसलें कीं रात्र थंड गेली हें कळतें; तें पातळ दिसलें कीं ऊब आली हें कळतें. तेथें उष्णतामापकाची गरज पडत नाहीं, कारण तेल स्वतःच मापक आहे. उताऱ्याचें तसेंच आहे. म्हणूनच विद्वानांनीं अशा घडीस आरएनएचा उष्णतामापक असें म्हटलें आहे.

या रीतीचा मोठा लाभ म्हणजे वेळेची बचत. ताप आल्यावर दप्तर उघडावें, उतारा काढावा, मग वाचावा, इतका अवकाश जंतूस नसतो. येथें उतारा आधींच तयार असून केवळ उघडण्याची खोटी असते. अर्थात् एवढ्या एकाच उपायावर हा जंतु विसंबून नाहीं. दप्तरावर बसणारे पहारेकरी आणि तापाच्या वेळीं निराळीं जनुकें उघडणारें एक खास प्रथिन, असे आणखी दोन बंदोबस्त त्याजपाशीं आहेत. तथापि ज्या घडीनें हें सर्व शास्त्र आमच्या परिचयाच्या पिकापर्यंत येऊन पोहोंचलें, ती हीच.

याच युक्तीचे दुसरे धनी

ही युक्ति केवळ आमच्या मित्रजंतूंचीच आहे असें मात्र कोणी समजूं नये. जंतूंवर वाढणाऱ्या लॅम्डा नामक विषाणूंत उष्णतेनें बदलणारी अशी घडी १९८९ मध्येंच दाखविण्यांत आली होती. मनुष्याच्या आंतड्यांत राहणाऱ्या ई. कोलाय या जंतूंत, तापाच्या वेळीं निराळीं जनुकें उघडणाऱ्या प्रथिनाचाच उतारा अशा घडीनें बंद असतो, असें जपानांतील संशोधकांनीं १९९९ मध्यें सिद्ध केलें. द्राक्ष, गुलाब इत्यादिकांच्या बुंध्याशीं व मुळांवर गाठाळ वाढ उत्पन्न करणारा अॅग्रोबॅक्टेरियम हा गांठींच्या जंतूचा भाऊबंदच. त्याच्या पोटींही 'रोझ'सारखी घडी आढळली आहे.

रोगजंतूंनीं मात्र या मापकाचा निराळाच उपयोग केला आहे. त्यांस उन्हाची भीति कळवून घ्यावयाची नसते. आपण सावजाच्या शरीरांत शिरलों कीं नाहीं, हें कळवून घ्यावयाचें असतें. बाहेर माती गार आणि शरीर उबदार, एवढीच खूण त्यांस पुरे.

पशुपालकांनीं यांपैकीं लिस्टेरिया हा जंतु विशेष ओळखून असावा. तो मातींत, कुजक्या पाल्यांत व नीट न साधलेल्या मुरघासांत राहतो. मुरघासांत हवा राहिली, आंबटपणा पुरता चढला नाहीं किंवा माती मिसळली, म्हणजे तो तेथें माजतो. असा चारा खाल्ल्यानें मेंढ्यांस व गुरांस मेंदूचा विकार होतो. जनावर एका बाजूस मान टाकून गोल गोल फिरूं लागतें, तर कोठें गाभण जनावर गाभ टाकतें. या जंतूचीं हल्ल्याचीं सर्व हत्यारें ज्या एका प्रथिनाच्या हुकमांत आहेत, त्याच्या उताऱ्यावर अशीच घडी असते. ती ३० अंश व त्याखालीं मिटलेली राहते, आणि ३७ अंशांस, म्हणजे शरीराच्या उबेंत, उघडते. हें पॅरिस येथील पाश्चर इन्स्टिट्यूटमधील शास्त्रज्ञांनीं २००२ मध्यें दाखविलें. म्हणजे चाऱ्यांत असतां हत्यारें म्यान, आणि पोटांत जातांच उपसलेलीं! तेव्हां बुरशी आलेला, काळा पडलेला किंवा घाण वास येणारा मुरघास थोडा असला तरी जनावरांपुढें टाकूं नये, आणि मुरघास भरतांना तो दाबून हवाबंद करण्यांत आळस करूं नये. हा जंतु मनुष्यासही, विशेषतः गरोदर स्त्रियांस, घातक आहे. तो दुधावाटे येऊं शकतो, परंतु दूध उकळल्यानें मरतो. घरांत दूध तापवूनच घेण्याची जी जुनी चाल आहे ती किती शहाणपणाची, हें यावरून दिसेल.

दुसरें उदाहरण प्लेगाचें. १८९६ मध्यें मुंबईंत शिरून पुढें पुणें व इतर मुलूख ज्यानें उजाड केला, त्या रोगाचा जंतु पिसवेंतून मनुष्याच्या अंगांत येतो. पिसवा या रोगाच्या वाहक आहेत हें सिमों यांनीं १८९८ मध्यें कराचीस प्रयोग करून दाखविलें होतें. पिसवेच्या पोटांतील उष्णता सुमारें २६ अंश, तर मनुष्याची ३७. या जंतूच्या हत्यारांस चालना देणाऱ्या प्रथिनाचा उताराही उष्णतेनें उघडणाऱ्या घडीनें बंद असावा, असें अमेरिकेंतील संशोधकांनीं १९९३ मध्यें मांडलें. आणि त्याच कुळांतील एका निकटच्या जंतूंत ती घडी पुढें २०१२ मध्यें स्पष्टपणें दाखविण्यांत आली. पिसवेंत असतां जो स्वस्थ बसतो तो मनुष्याच्या उबेनें जागा होतो, यांतील एक दुवा असा अक्षरांच्या घडींत सांपडला.

शेतकऱ्यानें यांतून काय घ्यावें

आतां मूळ तक्रारीकडे वळूं. कोणी म्हणेल, "गांठींच्या जंतूजवळ उन्हाचा एवढा चोख बंदोबस्त आहे तर पाकीट उन्हांत राहिलें म्हणून बिघडलें काय?" या तर्कांतील चूक नीट पाहिली पाहिजे. घडी उघडली म्हणजे जंतु वांचला, असें नव्हे. घडी उघडली म्हणजे जंतूनें संकट ओळखलें, एवढेंच. रक्षक प्रथिनें हा थोड्या वेळच्या तापावरचा उपाय आहे. दुपारीं तापलेली माती सायंकाळीं निवते, खालच्या थरांत ओल असते, आणि तेवढ्या अवधींत तीं प्रथिनें जंतूस तारून नेण्यास साह्य करितात. बंद पाकीट पत्र्याखालीं दिवसामागून दिवस तापत राहिलें तर तेथें निवारा नाहीं, ओल आटत जाते, आणि रक्षकांचें बळही संपतें. पूर आला असतां बांध क्षणभर पाणी थोपवितो. म्हणून कोणी नदीच्या पात्रांत घर बांधीत नाहीं.

यास्तव पुढील गोष्टी काटेकोर पाळाव्या अशी आमची विनंति आहे.

(१) पाकीट घेतांना त्यावर सोयाबीनचें नांव व वापरण्याची शेवटची तारीख पाहून घ्यावी. हरभऱ्याचा अगर भुईमुगाचा जंतु सोयाबीनच्या मुळांवर उपयोगी पडत नाहीं. दुकानदार पाकिटें कोठें ठेवितो हेंही पाहावें. दुकानाच्या दर्शनी उन्हांत टांगलेलें पाकीट फुकट मिळालें तरी घेऊं नये.

(२) घरीं तें गार व अंधाऱ्या जागीं, पाण्याच्या माठाशेजारीं ठेवावें. खत, कीटकनाशकें व पत्रा यांपासून तें दूर असावें. बर्फ होईल इतक्या थंडींतही ठेवूं नये.

(३) बियांस चिकटविण्यासाठीं गुळाचें पाणी करितात. गूळ लवकर विरघळावा म्हणून पाणी तापविलें असेल, तर तें पूर्ण निवूं द्यावें. हातास कोमट लागणारें पाणीही जंतूस कढत असूं शकतें, आणि कित्येक चांगलीं पाकिटें या एका घाईनें वायां जातात.

(४) साधारणतः १० किलो बियांस २५० ग्रॅमचें एक पाकीट पुरतें. पाकिटावर निराळें प्रमाण दिलें असल्यास तें पाळावें. सोयाबीनच्या बियांचें टरफल नाजूक असतें, म्हणून चोळतांना हलक्या हातानें चोळावें. बुरशीनाशक लावावयाचें असेल तर तें आधीं लावून सुकवावें व जंतु सर्वांत शेवटीं लावावा.

(५) बीं सांवलींत पसरून सुकवावें व त्याच दिवशीं पेरावें. उन्हांत सुकविणें म्हणजे हातानें कमावलेलें हातानेंच घालविणें होय.

(६) कोरड्या व तापलेल्या रानांत धूळपेरणी केल्यास जंतु ओलीची वाट पाहत मरतो. पुरता पाऊस होऊन जमीन निवल्यावर, ओल धरून पेरणी करावी.

यावरही ज्यांस शंका असेल त्यांनीं वाद न घालतां स्वतः प्रयोग करावा. एकाच रानांत चार ओळी जंतु न लावितां आधीं पेराव्या, व शेजारीं चार ओळी वरील रीतीनें जंतु लावून पेराव्या. पेरणीपासून पांच-सहा आठवड्यांनीं दोहोंकडील पांच-पांच झाडें ओल्या मातीसह खणून काढावीं. उपटूं नयेत, कारण उपटतांना गांठी तुटून मातींतच राहतात व हिशेब चुकतो. मुळें पाण्यांत धुवून गांठी मोजाव्या आणि कांहीं नखानें फोडून पाहाव्या. आंतील रंग गुलाबी किंवा तांबूस असेल तर गांठ नत्राचें काम करीत आहे असें समजावें. पांढरी किंवा हिरवट गांठ संख्येनें कितीही भरली तरी ती कामाची नव्हे. ज्या रानांत पूर्वीं अनेक वर्षें सोयाबीन झालें आहे तेथें जुने जंतु मातींत असतात, त्यामुळें दोहोंत अंतर कमी दिसेल. नव्या रानांत तें अधिक दिसेल.

पाकिटांत काळी भुकटी असते हें खरें, पण त्या भुकटींत कोट्यवधि जीव असतात, आणि त्यांतील प्रत्येकाच्या पोटीं उन्हाची वार्ता सांगणारीं पत्रें घडी घालून तयार असतात. तीं पत्रें उघडून वाचण्याचें काम जंतु चोख करितो. परंतु तीं वारंवार उघडावीं लागूं नयेत, एवढी सांवली त्यास देणें हें आमचें काम आहे. पाकिटावर खर्चिलेला पैसा वायां गेला असें म्हणून युरियाचें आणखी एक पोतें आणण्यापूर्वीं, तें पाकीट होतें कोठें हा प्रश्न प्रत्येकानें एकदां स्वतःस विचारावा, इतकेंच आमचें सांगणें आहे.